वाहरू लाइनमन आणि उंबऱ्याआतली वायर

"आत या हो, वाहरूभाऊ! उंबऱ्यात उभं राहून कुणाचा कॉम्प्युटर दुरुस्त झालाय का कधी?"

"उंबऱ्यात नाही भाभी, उंबऱ्याच्या बाहेर. आणि आत येणार नाही म्हणजे नाही."

"चार पावलं आहेत फक्त!"

"एक असलं तरी तेच."

"मग आलात कशाला?"

"तक्रार मिटल्याशिवाय साहेब सोडत नाही, म्हणून आलो."

"आणि तक्रार मिटली कुठे? हे बघा, आत्ता परत तेच." मोहिनीने आतल्या टेबलाकडे हात केला. पडद्यावर चौकोन उमटला होता, डायल टोन नाही म्हणून सांगणारा. सकाळपासून तिने तो इतक्यांदा पाहिला होता की आता वाचायची गरज उरली नव्हती. "टोन नाही म्हणतोय हा. टोन द्यायचं काम तुमचं."

"मी दिला. ओट्यावरच्या डबीपर्यंत टोन एकदम चोख. पुढचं तुमच्या डब्याचं दुखणं."

"डब्याचं म्हणजे कॉम्प्युटरचं ना? तो शहाद्याचा कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो लाइनचं. तुम्ही म्हणता डब्याचं. मी काय दोघांच्या मध्ये बसून भजन करू?"

वाहरूने खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली आणि उन्हाकडे पाहिलं. होळीचा दिवस होता. म्हसावदच्या गल्लीत पोरं गोवऱ्या गोळा करत फिरत होती, आणि वाहरूच्या पायात चपला नव्हत्या.

तो काठीचा. सातपुड्यातल्या त्या गावची होळी बघायला लांबून माणसं येतात, पण वाहरू बघणाऱ्यांतला नव्हता, नाचणाऱ्यांतला होता. कमरेला घुंगरं आणि वाळके भोपळे, अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप. त्याला बुध्या म्हणतात. बुध्या उगाच कुणी होत नाही, ठरावीक वर्षं नाचण्याचा नवस असावा लागतो. आणि नवस असला की होळीच्या आधीचे दिवस पाळावे लागतात. त्या पाळण्याला म्हणतात पालनी. घराघरांतली पालनी थोडी वेगळी. वाहरूच्या घरची अशी: पायात काही घालायचं नाही, खाटेवर टेकायचं नाही, दुसऱ्याच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. मोडली, तर आधीची सगळी वर्षं वाया आणि नवस पुन्हा पहिल्यापासून.

वाहरूच्या नवसाचं हे शेवटचं वर्ष होतं.

नवस तो बोलला होता मुलीसाठी. रुपा लहान असताना तापाने फणफणली आणि ताप उतरला तेव्हा तिची वाचा गेलेली होती. वाहरू तेव्हा इकडे सपाटीवर खांब पुरत होता, रोजंदारीवर. ज्याच्या हातून गावोगाव फोन लागले त्याच्या काठीच्या घरात फोन नव्हता. जीपवाल्याने निरोप आणला, तोही शिळा. वाहरू पोहोचला तेव्हा पोरगी बापाकडे नुसती टकामका बघत होती. बायको धनुबाई म्हणाली, "हाक मारून बघा, तुम्हाला ओ देईल." रुपाने ओ दिली नाही. त्याच रात्री तो नवस बोलला, आणि पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पोरीने कोंबडीला हाकलताना तोंड उघडलं. पहिला शब्द शिवी होता. धनुबाई अजूनही सांगताना हसते.

आता रुपा मोलगीच्या आश्रमशाळेत होती आणि वर्गात फार बोलते म्हणून मास्तरांची तक्रार होती. देवाने आपला शब्द केव्हाच पाळला होता. राहिला होता वाहरूचा, शेवटच्या एका होळीचा. आणि गुडघे आता कुरकुरायला लागले होते. पुन्हा पहिल्यापासून, हा विचारसुद्धा त्याला करवत नव्हता.

"काय गलका शे रे?" आतून मोहिनीच्या सासूबाई आल्या, वत्सलाबाई. हाताला पुरणाचा चिकटा. "वाहरू? ये ना, घरमा ये. पानी पी."

"नको माय. पालनी शे."

"पानीबी नही?"

"नही."

"मंग खाटवर बठ तरी."

"खाटबी नही."

वत्सलाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "खानं नही, पेनं नही, बठनं नही. तू लाइनमन शे का हयदीना नवरदेव?"

मोहिनीला हसू आलं. वाहरूलाही आलं असतं, पण ओठ सुकले होते. त्याच्या पिशवीतली बाटली सकाळीच संपली होती. ती एक्स्चेंजमागच्या झऱ्यावर भरून आणलेली, स्वतःच्या हाताने. ती पुन्हा भरायला तिकडेच जावं लागलं असतं, आणि स्टँडवर इंद्रसिंगची जीप उभी होती. जीप तळोद्याला जाणार, तिथून अक्कलकुवा, मोलगी, मग काठी. इंद्रसिंगने सकाळीच बजावलं होतं, "मी गाडी भरली की निघणार, वाहरू. होळीला मी कोणासाठी थांबत नसतो, सासऱ्यासाठीबी नाही." ही जीप गेली की संध्याकाळच्या आत काठी गाठणं शक्य नव्हतं.

"रुपासाठी हारकंगन काढी ठेयल शे," वत्सलाबाई म्हणाल्या. "साखरनं. लयी जाजो."

"पालनी सुटली की, माय."

"बरं बाप्पा. तुन्हा देव मोठा कडक." त्या पुरणाकडे परत गेल्या.

मोहिनी दारातच उभी राहिली. तिचाही जीव टांगणीला लागला होता, तो वेगळ्या खुंटीला. सुरतेच्या एका ऑफिसने तिला गुजराती टायपिंगचं काम दिलं होतं, साड्यांची नावं आणि वर्णनं. लग्नानंतरचं तिचं हे पहिलं काम. आज दुपारपर्यंत ते फोनच्या वायरीतून सुरतेला पोचवायचं होतं. नाही पोचलं तर पुढचं काम दुसऱ्या बाईला. ते तसं सांगून मोकळे झाले होते. नवरा, नवनीत, केळीचा ट्रक भरायला सारंगखेड्याला गेलेला. फ्लॉपी घेऊन शहाद्याला जावं, तर होळीमुळे तिथला इंटरनेट कॅफे बंद. आणि सासरे, रूपचंदभाई, जाता जाता म्हणून गेले होते, "डब्बा आणला, डब्बा सडला. मी बोललो होतो." ते वाक्य संध्याकाळी पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "तुम्ही आत येत नाही, तर मी कॉम्प्युटर बाहेर आणू का?"

"आणा की."

"ओट्यावर प्लग कुठाय? बल्ब आहे नुसता."

"मग बाहेरून नवी वायर आत टाकतो, जुनी सोडून द्या."

"टाका!"

वाहरूने पिशवी उघडून दाखवली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, काळी टेप, तपासायचा फोन. वायरचं भेंडोळं नव्हतं. "कधीची मागितली आहे. येते म्हणतात."

"मग बोललात कशाला?"

"सवय."

मग खिडकीतून दुरुस्ती सुरू झाली. खिडकी ओट्यावर उघडत होती, गजांची. वाहरू बाहेरून गजांना नाक लावून, मोहिनी आत टेबलाखाली, नुसता आवाज.

"मागे दोन भोकं आहेत ना? सारखीच?"

"आहेत."

"वायर दुसऱ्यात घाला."

"घातली. सकाळपासून घालतेय न् काढतेय."

"कट् वाजलं का?"

"माझं डोकं वाजलं टेबलाला. चालेल?"

"पुन्हा लावून बघा."

तिने पुन्हा लावलं. पडद्यावर पुन्हा तोच चौकोन.

"डबा खराब," वाहरू म्हणाला. "लिहून घेतो, लाइन चांगली, डबा खराब. सही द्या, मी निघतो."

"सही? कसली सही! माझं काम झालं नाही अन् सही? तुम्ही नुसती बाहेरची डबी तपासली, वाहरूभाऊ. आतली वायर तपासली का? तुम्हाला जायची घाई आहे, ते सांगा ना सरळ!"

ते खरं होतं. डबीजवळ त्याने घराकडे जाणारी वायर सोडवली होती, आपल्या फोनवर टोन ऐकला होता आणि वायर परत जोडून समाधान मानलं होतं. वायर जोडल्यावर पुन्हा ऐकायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. पण ऐकलं आणि काही निघालं तर आत जावं लागलं असतं. म्हणून कान लावलाच नव्हता.

तेवढ्यात घरातला फोन वाजला.

मोहिनीने उचलला. "हो, इथेच आहेत... हो, बाहेर... नाही, आत नाही येत... अहो मी कुठे अडवलंय!" मग तिने रिसीव्हरची पिळाची वायर ताणत ताणत खिडकीशी आणली. "घ्या. तुमचे साहेब."

वायर गजांच्या अलीकडेच संपली. वाहरूने गजांवर कान टेकवला. मोहिनीने रिसीव्हर आतून धरला.

"वाहरू! काय चाललंय? बाईंचा तिसरा फोन आला मला."

"साहेब, पालनी शे..."

"पालनी-बिलनी कर की. मी रजा नाही कुठे म्हटलं? तक्रार मिटव अन् जा. दगा लाइनमन शहाद्याला केबलच्या खड्ड्यात उतरलाय, दुसरा माणूस नाही माझ्याजवळ. कळलं?"

साहेबांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. भोवऱ्यासारखा, न थांबणारा. घूंऽऽ.

"कळलं, साहेब."

फोन बंद झाला. वाहरू गजांना कान लावून तसाच उभा राहिला.

"भाभी, ही घरघर कधीपासून?"

"कुठली? अच्छा, ही होय. झाला की आठवडा. बोलताना कळत नाही."

"बोलताना नाही कळत. डब्याला कळते. या घूं-घूंमध्ये टोन कोणता ते त्याला उमगत नाही." तो खाली बसला, ओट्यावर, फरशीवर. "डबा खराब नाही तुमचा. वायर आहे. आतली."

"मग मी तेच म्हणत होते ना!"

"हो. म्हणत होता."

तो इतका लगेच कबूल झाला की मोहिनीला पुढचं भांडण सापडेना. ती म्हणाली, "आतली कुठून कुठे गेली आहे वायर?"

"मला काय माहीत."

"तुम्हीच बसवला ना फोन?"

"बसवला. इथपर्यंत." त्याने उंबऱ्याकडे बोट केलं. "वायर आणली, टोक हातात धरून उभा राहिलो. तुमचे सासरे आतून आले, टोक घेतलं, म्हणाले, आम्ही ठोकतो आतून, तू थांब. तेव्हा मला आत कोण घेतंय."

मोहिनीने खाली पाहिलं. उंबऱ्यावर सकाळची हळद-कुंकवाची बोटं होती, ती तिनेच लावलेली.

"आज बोलावतोय ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"आज बोलावताय," वाहरू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायलाही थोडी ताकद लागते.

स्टँडवर हॉर्न वाजला. इंद्रसिंगचा होता. लांब एक, तुटक दोन. गाडी भरत आली.

"बघते मी," मोहिनी म्हणाली. "सांगा कशी बघायची."

"वायरवर बोट ठेवायचं आणि चालायचं. डोळ्याने नाही बघायचं, डोळा फसवतो. बोटाला कळतं कुठे दबली, कुठे सोलली."

तिने बघितलं. कपाटामागे तिचा हात जाईना. माळ्याखाली अंधार. दाराच्या वर तिचा हात पुरेना, स्टूल आणलं तर ते डुगडुगलं. "कळत नाही हो मला. सगळीकडे सारखीच लागते. रंग दिलाय वरून दोनदा."

वाहरू उठला. उठताना दोन्ही गुडघ्यांनी आवाज केला. "बाहेरचा तुकडा तरी पुन्हा बघतो," तो म्हणाला. पक्कड आणि टेप खिशात घालून डबीपाशी गेला, घराकडे जाणारी वायर दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले.

त्याच्या बरोबरीची माणसं हे आजही सांगतात, वाहरू वायरवर लागला की वाहरू राहत नसे. शहाद्याच्या बाजारात एकदा वायर धरून चालता चालता तो म्हशीवर जाऊन आदळला होता आणि म्हशीलाच म्हणाला होता, "सरक ना भाऊ." पाय आपले आपण चालायचे. सगळा माणूस बोटांच्या टोकांत जमा व्हायचा.

बोटं ओट्याच्या भिंतीवरून सरकली. खिळा, खिळा, एक सैल खिळा. खिडकीच्या चौकटीवरून वर. तिथे वायर दाराच्या चौकटीला वळसा घालत होती. वाहरूने हात उंच केला. बोटं चौकटीवरून पुढे गेली, रंगाचा पोपडा लागला, मग जुनी गाठ, मग पुन्हा गुळगुळीत.

मोहिनी दारात उभी होती. तो आला तशी ती बाजूला झाली, माणूस येताना कुणीही होतं तशी. आणि बाजूला झाल्यावर तिला कळलं की ती का बाजूला झाली आहे.

त्याचा उजवा पाय उंबऱ्यावर आला. अनवाणी, टाचेला भेगा. तिने तोंड उघडलं. हाक ओठांवर होती, वाहरूभाऊ. एवढंच म्हणायचं होतं. टेबलावरच्या पडद्यात तो चौकोन अजून उघडाच होता.

तिने तोंड मिटलं.

पाय आत पडला. मग दुसरा.

वाहरू भिंतीकडेने चालत राहिला. कपाटामागे त्याचा हात सहज गेला. माळ्याखाली तो वाकला. देवघराच्या भिंतीशी त्याची बोटं थांबली, मागे आली, पुन्हा थांबली. ओल. चिकट ओल. त्याने डोळे उघडले.

एक नवा खिळा होता, मोठा. त्याला साखरेच्या हारकंगनांची माळ टांगलेली, गुलाबी आणि पांढरी. खिळा बरोबर वायरमधून भिंतीत गेला होता. उकाड्याने साखरेला पाझर फुटला होता आणि तो खिळ्यावरून, वायरवरून भिंतीत मुरला होता. काळ्या मुंग्यांची रांग वायरवरूनच ये-जा करत होती.

"हे घ्या तुमचं दुखणं!" वाहरू ओरडला. त्याच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. "कोणी ठोकला हा?"

"खिया? मी ठोका," स्वयंपाकघरातून वत्सलाबाई. "मुंग्या लागेत म्हनीसन उंच टांगात. काय व्हयनं?"

"काही नही माय, मुंग्यासनी फोन लाया सुरतले!"

तो हसला. खिशातल्या पकडीने खिळा उपटला, माळ हलकेच देवघरावर ठेवली, वायर कापली, सोलली, पिळली, टेप गुंडाळली. हातांनी सगळं केलं, झटपट. "आता लावा, भाभी."

मोहिनीने लावलं. डब्यातून टोन आला, मग आकडे टिकटिकले, मग तो किर्र आवाज, कुणी पत्रा फाडावा तसा, मग खरखर, आणि मग शांतता. कनेक्ट झालं. फाइल सुरतेच्या वाटेला लागली. निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली.

"जातंय," ती म्हणाली. तिने वळून पाहिलं नाही.

वत्सलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी भिंत पाहिली, माळ पाहिली. मग वाहरूला पाहिलं.

"अरे वाहरू," त्या म्हणाल्या. "तू घरमा मझार कसा उना?"

वाहरूने खाली पाहिलं. आधी स्वतःचे पाय, मग फरशी. पांढऱ्या फरशीवर धुळीची पावलं दारापासून इथपर्यंत आली होती, भिंतीच्या कडेकडेने, एकापुढे एक. त्याने ती दारापर्यंत उलटी मोजल्यासारखी पाहिली. हातातली पक्कड त्याने हळूच बंद केली.

पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकत होती.

"कोनीच दखं नही," वत्सलाबाई घाईघाईने म्हणाल्या. "आन् हाई काय घर शे? हाई तं कामनी जागा शे. तू कामले उना. देवले कळस ना."

वाहरू मोहिनीकडे बघत होता. ती पडद्याकडे.

"भाभी. तुम्ही दारात होता."

"हो."

"तुम्हाला दिसलं."

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने पडू दिलं नाही. आत्ता रडणं तिला शोभलं नसतं, हे तिला कळत होतं. "दिसलं. मी हाक मारणार होते."

वाहरूने मान हलवली. रागाने नाही. खांबावर चढताना पट्टा तुटला आणि माणूस खाली आला की तो आधी असाच बसून राहतो, काय मोडलं ते चाचपत. तसा तो क्षणभर उभा राहिला. मग पक्कड पिशवीत टाकायला वळला, तर पिशवी ओट्यावर होती. बाहेर. त्याने ती तिथे ठेवली होती, आत यायचं नाही म्हणून.

स्टँडवरून हॉर्न आला. लांब, न तुटणारा. इंद्रसिंगचा हा शेवटचा असायचा.

"आज जाल ना काठीला?" मोहिनी म्हणाली. "तिथे कुणाला सांगायची गरज नाही, वाहरूभाऊ. आम्ही नाही सांगणार."

तो दाराकडे निघाला. जाताना आपल्याच पावलांवर पाय पडू नयेत असा जरा बाजूने चालला. वत्सलाबाई लगबगीने माठाकडे गेल्या, तांब्या भरला, वर फुलपात्र उपडं घातलं आणि त्याच्या मागे दारापर्यंत आल्या. उन्हात सुकलेले त्याचे ओठ त्यांनी मघाशीच पाहिले होते.

"आरे, आते तं व्हयनं ते व्हयनं," त्या म्हणाल्या. "आते तरी पानी पिशी ना, भाऊ?"

"नको माय. पालनी शे." उंबऱ्यावरून त्याने पाय उंच उचलला, काही सांडू नये तसा. ओट्यावरची पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरून, तापलेल्या गल्लीत, अनवाणी चालू लागला.